‘सगळीकडे ३२ अंश, सगळीकडे ७० टक्के’ : सापाच्या पेटीचं हे गणित बसत नाही

साप पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. थोडक्यात असा : साप थंड रक्ताचा, म्हणून पेटीत सगळीकडे ३२ अंश उष्णता आणि ७० टक्के आर्द्रता ठेवा. तळाला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा, ती फार तापत नाही, थर्मोस्टॅटची (ठरावीक तापमान राखणाऱ्या यंत्राची) गरज नाही. रात्री लाल बल्ब. आर्द्रता उतरली की फवारा, रोज दोनदा. वरची जाळी पूर्ण झाका. काचेवर आर्द्रतेचा मीटर चिकटवा. कात अडकली तर फवारा वाढवा.

यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच नवा माणूस फसतो.

‘सगळीकडे ३२ अंश’

साप अंगाची उष्णता जागा बदलून राखतो. पोटात भक्ष्य असलं की उबेला जातो, पुरेसं झालं की सरकतो. सगळी पेटी ३२ अंशांवर ठेवली तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. बॉल पायथनला (पाळला जाणारा लहान आफ्रिकी अजगर) एका टोकाला ३० ते ३२ अंशांची ऊब लागते, दिव्याखालचा पृष्ठभाग ३३ ते ३५ चालतो, आणि दुसरं टोक २४ ते २७ लागतं. कॉर्न स्नेकला (उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप) गरम बाजूला २८ ते ३० पुरे, थंड बाजूला २२ ते २५. दोन्ही टोकांना एकसारख्या, अंगाला चारी बाजूंनी टेकतील एवढ्याच लपणी (लपायच्या जागा) ठेवा. लपण फक्त थंड बाजूला असेल तर लाजरा साप उबेपेक्षा आडोसा निवडतो, तिथेच पडून राहतो आणि खाल्लेलं ओकतो. मग दोष उंदराला दिला जातो.

‘सगळीकडे ७० टक्के’

हा आकडा सापानुसार बदलतो हे तर आहेच (बॉल पायथनला ६० ते ७५, कॉर्न स्नेकला ४० ते ६०), पण खरी गोची वेगळीच आहे. मीटरवरची टक्केवारी सापेक्ष असते : त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती भरली आहे. २४ अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम वाफ धरते, ३२ अंशांची सुमारे ३४ ग्रॅम. पेटीतली हवा फिरत असते, त्यामुळे वाफेचं प्रमाण दोन्ही टोकांना जवळपास सारखंच राहतं. थंड बाजूला ७० टक्के म्हणजे साधारण १५ ग्रॅम. तीच हवा गरम बाजूला पोचली की मीटर ४५ दाखवतो, पाण्याचा एक कणही कमी झालेला नसताना. उलट गरम बाजूला ७० गाठायचा हट्ट धरला तर २४ ग्रॅम वाफ लागते, आणि ती थंड बाजूला मावतच नाही. तिथे काचेवर थेंब जमतात, तळाशी पसरलेला भुशाचा थर चिंब होतो.

तेव्हा मोजायचं थंड बाजूला, साप जिथे वावरतो त्या उंचीवर. गरम बाजूचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरून पाणी ओतू नये.

‘रोज दोनदा फवारा’

९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची पेटी घ्या. तळाचा थर सोडला तर आत दीडशे लिटर हवा. २८ अंशांना ७० टक्के आर्द्रता असताना या सगळ्या हवेत पाणी असतं जेमतेम तीन ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभरही नाही. फवाऱ्याच्या पन्नास मिलिलिटरमधलं बाकीचं पाणी बसतं लाकडावर, पानांवर, सापाच्या पाठीवर आणि थराच्या वरच्या बोटभर भागात. मीटर उडी मारून ९० वर जातो, दिव्याखाली तासा-दोन तासांत पुन्हा ४० वर येतो. मालकाला वाटतं फवारा कमी पडला. प्रत्यक्षात सापाच्या पोटाखालची जागा मात्र सतत ओली राहते, आणि तिथूनच पोटाच्या खवल्यांवर फोड, लाल-तपकिरी डाग, खवलेकूज सुरू होते.

ओल खालून द्यायची. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चिप्स मिसळून ८ ते १० सेंटिमीटरचा थर करा. पेटीच्या चारही कोपऱ्यांत, काचेच्या कडेने, हळूहळू मिळून अर्धा लिटर पाणी सोडा, ते तळाशी उतरू द्या. दुसऱ्या दिवशी बोट खुपसून पाहा : वरचे दोन सेंटिमीटर कोरडे, खाली गारवा. मूठभर खालचा भुसा घट्ट पिळला आणि पाणी टपकलं, तर जास्त झालं. वरचा थर उकरून एक दिवस वाळू द्या. अशी पेटी आठवडाभर तरी बऱ्यापैकी एकाच आकड्यावर राहते. अस्पेन या झाडाच्या लाकडाच्या भुशावर हा प्रयोग करू नका, त्याला बुरशी धरते. देवदार-सीडरचा भुसा तर कोरडाही नको, त्यातल्या तेलाचा सापाच्या श्वासाला त्रास होतो.

‘जाळी पूर्ण झाका’

जाळीच्या झाकणावर दिवा असला की गरम हवा धुराड्यातल्यासारखी वर निघून जाते आणि खोलीतली कोरडी हवा आत ओढली जाते. म्हणून जाळी झाकायची हे बरोबर, पूर्ण झाकायची हे चूक. दोन तृतीयांश भाग पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याने किंवा अॅल्युमिनियम फॉइलने बाहेरून झाका, दिव्याची जागा आणि थंड बाजूची एक पट्टी उघडी ठेवा. चिकटपट्टी कधीही आतून लावू नका. साप तिला चिकटतो आणि सोडवताना खवले निघून येतात. हवा अडली की पेटी दमट न राहता कोंदट होते. उघड्या तोंडाने श्वास, नाकपुडीशी बुडबुडे, श्वासाबरोबर घरघर : ही लक्षणं दिसली की आर्द्रतेशी खेळत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं.

‘मॅटला थर्मोस्टॅट नको’

सगळ्यात धोकादायक सल्ला हाच. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवरची काच ४० अंशांच्या वर सहज जाते. पोटाखालच्या चटक्यापासून साप भरवशाने दूर होत नाही, भाजेपर्यंत पडून राहतो. हीट रॉकचंही (आतून विजेवर तापणारा नकली दगड) तेच, वर तिचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा बराच जास्त तापलेला असतो.

शिवाय मॅट आणि ओलसर जाड थर यांचं जमत नाही. जाड थर उष्णता वर येऊ देत नाही, खालची काच तापत राहते, आणि भुसा उकरत खाली गेलेला साप थेट तिच्यावर बसतो. मॅट हवाही फारशी तापवत नाही. ओलसर थर ठेवायचा असेल तर उष्णता वरून द्या, हॅलोजन किंवा सिरॅमिक हीटर, भोवती तारेची जाळी. सिरॅमिकला पोर्सेलीनचं होल्डर लागतं, प्लास्टिकचं वितळतं. हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅट (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), सिरॅमिकला पल्स (वीज थोड्या थोड्या झटक्यांनी देणारा). नुसता डिमर म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे, खोली तापली हे त्याला कळत नाही.

प्रोबकडे, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाच्या तापमान मोजणाऱ्या भागाकडे, विशेष लक्ष हवं. तो जागेवरून निसटून थंड बाजूला पडला, किंवा पाण्याच्या भांड्यात गेला, तर थर्मोस्टॅट पेटी गार समजून हीटर चालूच ठेवतो. म्हणून प्रोब क्लिपने पक्का बसवा आणि शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा, शक्यतो अलार्मवाला. साप आत सोडण्याआधी पेटी दोन दिवस रिकामी चालवून आकडे पाहा.

‘रात्री लाल बल्ब’

त्या बल्बातून निव्वळ लाल प्रकाश येत नाही, आणि सापाला अंधार लागतो. बॉल पायथनची पेटी रात्री २४ अंशांपर्यंत उतरली तरी चालते. त्याखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा.

‘काचेवर मीटर चिकटवा’

काचेवरचा डायल मीटर काचेजवळची हवा मोजतो, तीही बेभरवशाने. प्रोबवाला डिजिटल घ्या आणि मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून भिजवा, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. साध्या खोलीच्या तापमानाला आत ७५ टक्के यायला हवेत. मीटर ६९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सहा मिळवा. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर बरा, पण चकचकीत धातूवर तो चुकतो.

‘कात अडकली, फवारा वाढवा’

त्यापेक्षा झाकणाच्या डब्याला भोक पाडा, आत भिजवून पिळून काढलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा आणि डबा गरम व थंड बाजूच्या मध्ये ठेवा. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की साप आपणहून त्यात शिरतो. मॉस आठवड्याने बदला. कोरड्या भागातल्या सापांनाही हा डबा उपयोगी पडतो, बाकी पेटी कोरडी ठेवून.

तरीही तुकडे राहिलेच तर हवेची भोकं असलेल्या डब्यात कोमट ओला टॉवेल घालून सापाला अर्धा तास त्यातून सरपटू द्या, लक्ष ठेवून. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहू देऊ नका. तशी कडी साचत गेली की रक्तपुरवठा अडतो आणि टोक झडतं. डोळ्यावरची कातीची पारदर्शक चकती मात्र चिमट्याने ओढायची नाही. टाकलेली कात उजेडात धरा : डोक्याच्या भागात दोन गोल, फुगीर चकत्या दिसायला हव्यात. एखादी कमी असेल तर ती डोळ्यावरच आहे. पुढच्या कातीपर्यंत मॉसचा डबा ओला ठेवा, आणि तेव्हाही ती निघाली नाही तर पशुवैद्याला दाखवा.