घामातली साखर म्हणजे रक्तातली साखर नव्हे

'ग्राफीनचा पॅच दंडावर चिकटवा, घामातून रक्तातली साखर अचूक कळेल, बोट टोचणं कायमचं बंद! पण कंपन्या हे तंत्रज्ञान दडपतात.' असा मेसेज सध्या फिरतोय. अशा आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिनचा डोस ठरवला, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून एकेक दावा तपासू.

ग्राफीन साखर ओळखतं? नाही. कार्बनचा हा एका अणूच्या जाडीचा थर वीज उत्तम वाहून नेतो, पण समोर ग्लुकोज आहे की आणखी काही, हे त्याला कळत नाही. ते काम बहुतेक सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम करतं. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि मिळालेल्या विद्युतप्रवाहावरून साखर मोजली जाते. एन्झाइम इलेक्ट्रोडची ही कल्पना १९६२ची, अमेरिकी संशोधक लेलंड क्लार्क यांची. ग्राफीन वेगळं काढलं गेलं त्यानंतर चार दशकांनी, २००४ मध्ये. ग्राफीन कितीही टिकाऊ असो, त्याच्यावरचं एन्झाइम हळूहळू निकामी होतंच.

खरी गोम आहे ती घामात. घामात ग्लुकोज रक्ताच्या साधारण शंभरावा हिस्सा असतं. एवढ्याशा प्रमाणात त्वचेला आधीच लागलेली साखरही आकडा फिरवते. शिवाय घाम किती वेगाने येतो, तो किती आम्लधर्मी आहे, त्वचा किती तापली आहे, यावरही आकडा हलतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ग्राफीनचा असा पॅच केला, तेव्हा साखरेचा आकडा दुरुस्त करण्यासाठी त्यांना त्यातच आम्लता आणि तापमान मोजणारे सेन्सरही बसवावे लागले. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच गाळलंय.

ग्राफीनचा सेन्सर 'हजारपट संवेदनशील' असतो, हेही सांगितलं जातं. असे आकडे अनेकदा ग्लुकोजच्या स्वच्छ द्रावणातले असतात. शरीरातल्या द्रवात क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, घेतलेलं पॅरासिटामॉल असं बरंच काही असतं आणि तेही इलेक्ट्रोडवर विद्युतप्रवाह देऊ शकतं.

दडपशाही म्हणाल, तर कोरियाचं ते काम 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त उघड छापून आलंय. अडलंय ते अचूकतेपाशी. घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७:२०१३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार साखर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम किंवा जास्त असताना किमान ९५ टक्के रीडिंग्ज प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवीत. त्वचेला छेद न देता साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्वचेखाली तार ठेवून साखर सतत मोजणारे सीजीएम सेन्सर मात्र मान्यताप्राप्त आहेत आणि त्यांनी बोट टोचणं खरोखरच बरंच कमी केलंय.