शेक्सपिअरच्या बायकोचं वय आणि छपरातली मांजरं

पावसाळा लागला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. यंदा तो आत्याने टाकला, खाली शेरा: "शी! काय घाणेरडे लोक होते!" हा मजकूर इंग्रजीत १९९९ पासून ईमेलवर फिरतोय, आता मराठीतही उतरलाय. त्यातला दावा थोडक्यात असा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अकराव्या-चौदाव्या वर्षी लग्नं होत, त्यामुळे शेक्सपिअरच्या बायकोचं, ॲन हॅथवेचं, सव्विसाव्या वर्षी लग्न होणं म्हणजे नवलच. लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात आंघोळ करत. म्हणून लग्नं जूनमध्ये, अंगाला वास सुटायच्या आत. गवती छपरात कुत्री-मांजरं राहत आणि पावसात घसरून घरात पडत. टोमॅटो खाऊन माणसं मरत, कारण ताटात शिसं असे. आणि जिवंत माणसं चुकून पुरली जात, म्हणून थडग्याला घंटा बांधत. प्रत्येक दाव्याच्या शेपटाला एकेक इंग्रजी वाक्प्रचार बांधलेला आहे.

सगळं खोटं असतं तर सोपं होतं. पण सुरुवातच एका खऱ्या गोष्टीने होते. ॲनचं वय सव्विसच्या आसपास होतं, हे बरोबर आहे.

ते आपल्याला कळतं तिच्या थडग्यावरून. ती स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. स्ट्रॅटफर्डच्या चर्चची नोंदवही सुरू होते १५५८ मध्ये, तिच्या जन्मानंतर. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही. पण थडग्यावरच्या पितळी पट्टीवर कोरलंय की ६ ऑगस्ट १६२३ रोजी वारली, वय ६७. मागे मोजत १५८२ ला या, सव्वीस येतात.

घोटाळा आहे तो "नवलच" या शब्दात. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत नोंदवावीत. गेल्या शतकात इतिहासकारांनी अशा शेकडो वह्या चाळून सरासऱ्या काढल्या. पहिल्या लग्नाच्या वेळी बाईचं वय सरासरी पंचवीस-सव्वीस, पुरुषाचं सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे ॲन चारचौघींसारखीच होती. जगावेगळं वय होतं ते नवरदेवाचं. त्याला अठराच वर्षं झाली होती!

लग्नं इतकी उशिरा का होत, हे आपल्याला पटकन समजत नाही, कारण आपल्याकडे सून नांदत्या घरात यायची, चूल आधीच पेटलेली असायची. तिथे लग्न म्हणजे वेगळी चूल, आणि तीही पहिल्या दिवसापासून. त्यासाठी पैसा साठवावा लागे. मुलं-मुली पंधराव्या वर्षाच्या आगेमागे घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर वा घरात सालाने कामाला राहत. सालगडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, साधारण तेच, फक्त अविवाहित आणि तरुण. धंदा शिकायचा तर १५६३ च्या कायद्याने शहरात किमान सात वर्षं उमेदवारी सक्तीची, आणि ती वयाच्या चोविसाव्या वर्षाआधी संपू द्यायची नाही. उमेदवाराला त्या काळात लग्नाला बंदी. ॲनच्या बापाने मृत्युपत्रात तिच्या नावे दहा मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स ठेवले होते, पण ते मिळायचे लग्नाच्या दिवशी.

इथे कुणीतरी शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या ज्युलिएटला पुढे करतंच. ती चौदाचीही नाही, हे खरं. कायद्यालाही मुलीचं वय बारा चालत होतं, आणि इस्टेटी जोडायला निघालेली खानदानी घराणी कधीकधी त्याचा फायदा घेत. पण शेक्सपिअरने ही गोष्ट उचलली आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्यातून, आणि तिथे ज्युलिएट सोळाची आहे. वय त्याने मुद्दाम उतरवलं. नाटक घडतं इटलीत, आणि लंडनच्या प्रेक्षकाला, ज्याच्या स्वतःच्या पोरीचं तेविसाव्या वर्षीही जमायचं असे, ही घाई अंगावर यावी हाच डाव असणार, असं माझं मत. नाटकावरून लग्नाचं वय ठरवायचं, तर आपल्या मालिका बघून उद्या कुणी लिहील की मराठी बायका शालू नेसून झोपत.

आता जूनच्या लग्नांचं. ज्या जोडप्याचं नाव घेऊन फॉरवर्ड सुरू होतो, त्याचं लग्न नोव्हेंबरातलं आहे! २८ नोव्हेंबर १५८२ रोजी वुस्टरच्या बिशपच्या कचेरीत शॉटरीच्या दोन शेतकऱ्यांनी या लग्नाच्या परवान्यासाठी चाळीस पौंडांचा जामीनरोखा लिहून दिला, तो आजही आहे. गडबडीची कारणं दोन. एक पोटात होतं: सुझॅनाचा बाप्तिस्मा झाला २६ मे १५८३ रोजी. दुसरं पंचांगात. नाताळाआधीचा ॲडव्हेंट सुरू झाला की चर्चमध्ये लग्नाची घोषणा बंद, ती थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत. आपला चातुर्मास समजा, आणि हे लोक देवशयनीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करत होते. असाच निषिद्ध काळ ईस्टरआधीच्या उपवासात होता, आणि तिसरा ईस्टरनंतरच्या रोगेशन रविवारपासून ट्रिनिटी रविवारपर्यंत. हा तिसरा साधारण मे महिन्यात आणि जूनच्या तोंडावर पडतो. म्हणजे जो मोसम फॉरवर्डने लग्नसराईचा ठरवला, त्याचाच एक तुकडा चर्चने लग्नाला वर्ज्य केला होता. बाकी लग्नसराई शेतीवर चाले. धान्याच्या मुलखात सुगी आटोपून सालाचे पैसे हातात पडले की, मेंढपाळांच्या मुलखात कोकरं झाली की. आंघोळीशी तिचा संबंध नाही.

आंघोळीबद्दल मात्र मी फॉरवर्डला थोडं झुकतं माप देईन. टबात बसून सर्वांगाला पाणी हा रोजचा प्रकार नव्हताच. गरम पाण्याने त्वचेची रंध्रं उघडतात आणि रोग आत शिरतो, असं वैद्य सांगत. लंडनच्या सदर्कमधली स्नानगृहं, जी बरीचशी वेश्यागृहंही होती, आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये बंद केली. पण हात-तोंड रोज धुतलं जाई, आणि स्वच्छतेची खरी भिस्त होती अंगालगतच्या तागाच्या सदऱ्यावर. घाम तो टिपणार, तो बदलायचा, धुवायचा. ज्याच्याकडे सदरे जास्त, तो जास्त स्वच्छ. दमट, थंड देशात हे अगदीच बिनडोक नव्हतं. फॉरवर्डने आंघोळीला बांधलेली म्हण, बाळाला आंघोळीच्या पाण्याबरोबर फेकू नका, ही तर मुळात जर्मन: टोमास मुर्नर या लेखकाने १५१२ मध्ये ती छापली, आणि इंग्रजीत आणली लेखक कार्लाइलने, १८४९ मध्ये. शेक्सपिअरच्या आईने ती ऐकलेली असण्याची शक्यता कमीच.

कुत्र्या-मांजरांसाठी फार शाई खर्च करत नाही. गवती छप्पर हातभर जाड, दाबून बांधलेलं असतं. पाणी त्यावरून ओघळतं आणि कुत्रं त्यावर चढत नाही. कोकणात शाकारलेलं घर पाहिलेल्या कुणालाही विचारा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा पावसाचा वाक्प्रचार छापील सापडतो तो सतराव्या शतकाच्या मध्याला, आणि तेव्हाच्या एका नाटकात मांजराच्या जागी भलताच प्राणी आहे. आपण मुसळधार पाऊस म्हणतो, म्हणून मराठ्यांच्या माळ्यावरून मुसळं कोसळत होती असं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. (लिहू नका. दोन वर्षांत फॉरवर्ड होऊन परत येईल.)

'थ्रेशहोल्ड', म्हणजे उंबरठा, हा जमिनीवरचं गवत बाहेर सांडू नये म्हणून आला, हेही तसंच. शब्द सोळाव्या शतकाच्या कित्येक शतकं आधीचा. जमिनीवर लव्हाळी पसरत, हे मात्र खरं. इरॅस्मस या डच विद्वानाने एका पत्रात कुरकुर केलीय की इंग्रज वरची लव्हाळी बदलतात आणि खालचा थर वीस वीस वर्षं तसाच राहतो.

ताटांची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण इथे खरा साक्षीदार आहे. विल्यम हॅरिसन, एसेक्समधल्या रॅडविंटरचा पाद्री. १५७७ मध्ये छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात तो लिहितो की गावातली म्हातारी माणसं आपल्या हयातीत झालेले तीन बदल सांगतात. धुराडी वाढली, पूर्वी गावात दोन-तीन असत. अंथरुणं सुधारली, पूर्वी पेंढ्याची गादी, डोक्याखाली ओंडका, आणि उशी फक्त बाळंतिणीला. आणि तिसरं, लाकडी ताटं जाऊन प्यूटरची आली, लाकडी चमचे जाऊन चांदीचे किंवा कथलाचे. प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, ही नव्याने घरात आलेली ऐपत होती. त्यात कधी शिसं असे, कबूल. पण त्यात वाढायला टोमॅटो कुठला? वनस्पतींचा जाणकार जॉन जेरार्डने लंडनमधल्या बागेत तो लावला होता, आणि १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात लिहिलं की झाडाला उग्र दर्प येतो. स्पेनकडे फळं मीठ, मिरी, तेल घालून शिजवून खातात, पण पोषण नाममात्र. बहुतेक इंग्रजांनी तेव्हा टोमॅटो पाहिलाही नव्हता.

राहिली घंटा. पंचवीसातल्या एका शवपेटीत आतून नखांचे ओरखडे सापडत, असं फॉरवर्ड सांगतो. पण साध्या माणसाला शवपेटीत पुरतच नसत. पेटी असे ती गावकीची. तिच्यातून प्रेत खड्ड्यापर्यंत न्यायचं, कफनात गुंडाळून खाली ठेवायचं आणि पेटी पुढच्यासाठी परत आणायची. ओरखडे कशावर काढणार? घंटा लावलेल्या पेट्या निघाल्या एकोणिसाव्या शतकात, आणि फॉरवर्डने त्या घंटेला बांधलेल्या वाक्प्रचारांपैकी 'सेव्ह्ड बाय द बेल' (घंटेने वाचला) आलं बॉक्सिंगच्या रिंगणातून आणि 'डेड रिंगर' (हुबेहूब दुसरा) घोड्यांच्या शर्यतीतून.

फॉरवर्डच्या याच परिच्छेदात एक ओळ मात्र खरी आहे: जागा पुरेना म्हणून जुनी थडगी उकरून हाडं कोठीत टाकत. स्ट्रॅटफर्डच्या चर्चला लागून अशी कोठी होती. शेक्सपिअरच्या दगडावर, माझी हाडं हलवणाऱ्याला शाप असो, असं कोरलंय ते उगाच नाही. तो शाप फळला म्हणा. दगड जागेवर आहे, आणि शेजारी ॲनची ती पितळी पट्टीही.

आत्याला मी एवढं सगळं लिहिलं नाही, पट्टीचा फोटो तेवढा पाठवला. तिचं उत्तर आलं: "चारशे वर्षं? चिंचेने घासतात का रे?"