पुन्हा तीच ‘मुलं पळवणारी टोळी’
आज सकाळी घरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. "मुलं पळवणारी टोळी आली आहे." गावाचं नाव तेवढं नवीन! अहो, १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात याच अफवेनं पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्या वर्षी देशभर फिरलेला व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा, मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला! मग २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या, २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात साधूंना मारहाण. अफवेतली टोळी कधी भिक्षेकऱ्यांची, कधी साधूंची, कधी किडनी काढणाऱ्यांची. काकांना हटकलं तर म्हणतात, "खबरदारी म्हणून टाकलं, त्यात काय बिघडलं?" पाच घरं उघडी पडली, काका! डिलीट करा तो मेसेज, आत्ताच्या आत्ता.