सोळाशे मीटरच्या पुढे

6 ऑगस्ट 2022. बर्मिंगहॅमचं अलेक्झांडर स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धेची 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. शेवटच्या काही पावलांत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे केनियाच्या अब्राहम किबिवोटला अगदी भिडला होता. किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंद, अविनाश 8:11.20. रौप्य पदक. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

तेव्हापासून गावी फोन केला की विषय ठरलेला. अविनाशला सरकारने किती दिले? धावपटू ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाली, मग बाकीच्यांना तसं पद का नाही? बक्षीस द्यावं, नोकरीही द्यावी. पण हा सगळा वाद पदकानंतरचा. मला काळजी वाटते ती अविनाशच्या वीस सेकंद मागे असलेल्या मुलाची.

आपल्याकडे पहाटे डांबरी रस्त्यावर पोरं पळतात ती पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी. भरती झाली की पळणं बंद. नाही झाली आणि वय उलटलं, तरी बंदच. अविनाशसुद्धा सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये, आणि क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानातून, चिखलातून लांब पल्ल्याचं पळायला लागला तो तिथेच, विशी ओलांडल्यावर. सैन्याचे उपकार आहेतच. पण ज्याची छाती भरतीत एक सेंटीमीटर कमी भरली, त्याने कुठे पळायचं?

इथे परदेशात हिवाळ्यात शनिवारी मी एका क्लबच्या अशाच क्रॉस कंट्री शर्यतींना मदतीला जातो. घोट्यापर्यंत चिखल. पहिले आलेले कपडे बदलून चहा पीत असतात, तेव्हा साठीचे एक गृहस्थ धापा टाकत येतात, आणि त्यांचाही क्रमांक वहीत लिहिला जातो. गुण संघाचे असतात, त्यामुळे चाळिसावा आलेलाही मोलाचा. पगार इथेही कुणी देत नाही. पोरं नोकरी करून पळतात, प्रशिक्षक फुकट शिकवतात. पण दर दोन-तीन आठवड्यांनी शर्यत असते. त्याला सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. माळरान पुरतं, ते आपल्याकडे हवं तेवढं आहे.

लांब पल्ल्याचा धावपटू उशिरा पिकतो. अविनाशने 8:09.91 चा राष्ट्रीय विक्रम पॅरिसला केला तो जुलै 2024 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी. खुल्या वर्गाला पोलीस भरतीची दारं 28 ला बंद होतात.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. मैदानीत पूर्ण गुण, लेखीत गेला. 1600 मीटर 4 मिनिटं 50 सेकंदांत पळतो. "मामा, आता पळून काय करू?" त्याच्या तालुक्यातली एखादी शर्यत सुचवावी म्हणून मी बराच वेळ आठवत राहिलो. एकही आठवली नाही.