‘मोठा प्लॅन घ्या’ हे आमचं उत्तरच चुकलं

नमस्कार ताई,

दिवाळीच्या आदल्या रविवारी तुमची फराळाची साइट दोन तास बंद होती आणि फोन केल्यावर आमच्याकडून ‘मोठा प्लॅन घ्या’ एवढंच ऐकू आलं, असं तुम्ही लिहिलंत. दोन्ही खरं आहे. मनापासून माफी मागतो. चकल्या तळून डबे भरून ठेवलेले आणि ऑर्डर घेता येत नाही, ही वेळ तुमच्यावर आमच्यामुळे आली.

सर्व्हर स्वस्तातला, लहान प्लॅनचा आहे, हे मात्र कारण नव्हतं. त्या रात्री मी स्वतः पाहिलं. सीपीयू जवळजवळ रिकामा, रॅम शिल्लक, आणि साइटवर ‘टू मेनी कनेक्शन्स’, म्हणजे डेटाबेसला जोडण्या फार झाल्या. मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस; त्याची प्रोसेसलिस्ट, म्हणजे कोणतं कनेक्शन काय करतंय याची यादी काढली, तर ओळीमागून ओळ नुसती ‘स्लीप’. कनेक्शनं सगळी अडलेली, काम एकावरही नाही.

चूक आमच्या कोडमध्ये होती. साइट पळेल या समजुतीने आम्ही पीडीओचं (पीएचपी कोडला डेटाबेसशी जोडणारा भाग) पर्सिस्टंट, म्हणजे कायम उघडं राहणारं कनेक्शन चालू ठेवलं होतं. त्यात पान दाखवून झालं तरी कनेक्शन सुटत नाही, पानं पाठवणाऱ्या अपाची या वेब सर्व्हरची प्रोसेस ते धरून बसते. जी प्रोसेस नुसता चिवड्याचा फोटो पाठवत होती, तिच्याकडेही आधीच्या पानाचं कनेक्शन अडकलेलं. अपाचीला आम्ही 256 प्रोसेसची मुभा दिलेली, मायएसक्यूएलची मूळ मर्यादा मात्र एका वेळी 151 कनेक्शनांची. हा हिशेब साइट बांधतानाच करायला हवा होता. आणि पर्सिस्टंटची गरजही नव्हती, डेटाबेस त्याच मशीनवर असताना नवं कनेक्शन उघडायला असा कितीसा वेळ लागतो! त्यात ऑर्डर नोंदवल्यावर आमची स्क्रिप्ट एसएमएसच्या उत्तराची वाट बघत थांबायची, तीही कनेक्शन न सोडता. मोठ्या प्लॅनने यातलं काहीच सुधारलं नसतं, तुमचे पैसे तेवढे गेले असते.

आता पर्सिस्टंट काढून टाकलं आहे. एका पानाला एकच कनेक्शन, तेही गरज पडेल तेव्हा उघडतं आणि ऑर्डर नोंदली की लगेच बंद होतं. एसएमएस वेगळ्या रांगेतून क्रॉनने, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामातून जातात. अपाचीच्या प्रोसेस 120 वर आणल्या आहेत. फोनवर बसणाऱ्या मुलांना सांगितलं आहे की आधी प्रोसेसलिस्ट बघायची, प्लॅनचं नाव त्यानंतर.

या दुरुस्तीचं बिल लावणार नाही, आणि त्या महिन्याचे होस्टिंगचे पैसे परत केले आहेत. शनिवारी रात्री साइटवर मुद्दाम गर्दी सोडून चाचणी घेतोय. तुम्ही त्या वेळी आपल्या मोबाइलवरून एक ऑर्डर टाकून बघाल का?