परदेशातून : करारापेक्षा अधिसूचना महाग पडते

जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी-वैरागकडच्या माझ्या माणसांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आता आपली द्राक्षं-डाळिंबं थेट लंडनला. दुसरा म्हणतो, असले करार झाले की परदेशी माल घुसणार आणि शेतकरी संपणार. मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या तूवूम्बाला राहतो, धान्य खरेदीच्या धंद्यात नोकरी करतो आणि दोन्ही तटांशी फोनवर भांडतो. आपल्या शेतकऱ्याचं खरं नुकसान करारांनी केलेलं नाही. ते केलंय पेरणी झाल्यावर, रातोरात निघणाऱ्या अधिसूचनांनी, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम बदलणाऱ्या सरकारी आदेशांनी. आणि पाऊसमान जसं बिघडत चाललंय, तशा या अधिसूचना वाढत चालल्यात.

हरभऱ्याचंच घ्या. तूवूम्बाच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्सचा पट्टा आहे. जमीन आपल्या मंगळवेढ्यासारखी काळी, खोल, उन्हाळ्यात भेगा पडणारी. इथंही हरभरा जमिनीतल्या ओलीवर येतो. पेरणी साधारण मे-जूनमध्ये, काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जहाज मुंबईकडे पोचतं तेव्हा आमच्या शिवारात हरभऱ्याला घाटे (शेंगा) भरत असतात. थोरला भाऊ मला म्हणतो, "तुमचं ते ऑस्ट्रेलिया आमचा भाव पाडतंय बघ." त्याचा राग मला समजतो, पण त्याला मी दरवेळी एकच गोष्ट सांगतो. 2022 च्या डिसेंबरात लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारात हरभऱ्याला सवलतच नाही. भारताने तो मुद्दाम बाहेर ठेवला, दूध, गहू, तांदूळ आणि साखरेसारखाच. तरीही 2024-25 च्या हंगामात इथला हरभरा भारतात ढिगाने उतरला, कारण मे 2024 मध्ये केंद्र सरकारने देशी हरभऱ्यावरचं आयात शुल्क शून्यावर आणलं आणि मार्च 2025 अखेरपर्यंत तसंच ठेवलं. करार कपाटात राहिला, दार अधिसूचनेने उघडलं.

ते का उघडलं, हेही बघायला हवं. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून पाऊस ओढ देतो तसलं वर्ष होतं. सोलापूर मुळातच पर्जन्यछायेत, त्यात 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या पाण्याच्याही खाली, खोल गेलं. डाळींचे भाव चढले, समोर लोकसभा निवडणूक होती. शहरातल्या ताटाची काळजी करणं सरकारचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे. अल निनो आला की भारत आणि पूर्व ऑस्ट्रेलिया बहुतेकदा एकदमच कोरडे पडतात. 2023 मध्ये इथलंही हरभऱ्याचं पीक बेताचंच होतं, म्हणजे आपल्याला गरज असताना इकडंही फारसं काही नव्हतं. शून्य शुल्काची बातमी आली ती नेमकी इथल्या पेरणीच्या तोंडावर. जमिनीत ओल होती, लोकांनी भरपूर हरभरा पेरला आणि पीक विक्रमी आलं. त्याच वर्षी भारतातही सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला. दुष्काळासाठी दिलेली परवानगी सुकाळात पोचली, आणि 2024 च्या दिवाळीच्या सुमारास चढलेला दर माझ्या थोरल्या भावाच्या खळ्यावर हरभरा येईपर्यंत उतरला. 1 एप्रिल 2025 पासून 10 टक्के शुल्क लागलं, तोवर आपल्याकडची बरीचशी काढणी उरकली होती.

इथला शेतकरी यात जिंकला, असं कुणी समजू नये. 2015-16 च्या टंचाईत भारताने भाव दिला म्हणून इथल्या लोकांनी हरभरा वाढवला. पुढे डिसेंबर 2017 मध्ये भारताने एकदम 30 टक्के शुल्क लावलं आणि मार्च 2018 पर्यंत ते 60 टक्क्यांवर नेलं. इथली काढणी तेव्हा नुकतीच झाली होती. त्या वर्षाच्या आठवणी इथली माणसं आजही काढतात, आणि त्यांना तर हमीभाव नावाचा आधारही नाही.

आपल्याकडच्या वादात 7 डिसेंबर 2023 ची आठवण कुणी काढत नाही. त्या एका दिवशी दोन अधिसूचना निघाल्या. एकीने कांद्याची निर्यात बंद केली, दुसरीने पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली. बेसनात मिसळायला स्वस्त वाटाणा मिळाला की हरभऱ्याला कोण विचारणार? ती सूट पुन्हापुन्हा वाढवत नेली, आणि 30 टक्के शुल्क आलं ते नोव्हेंबर 2025 मध्ये. कांद्याची बंदी मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के निर्यात शुल्क आणि टनामागे 550 डॉलरची किमान किंमत लावून. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

याच कांद्याने फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या जिल्ह्याची बातमी देशभर नेली होती. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत 512 किलो कांदा विकला. किलोला रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता 2 रुपये 49 पैसे उरले; हातात चेक आला तो दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. तेव्हा त्याच्या पडलेल्या दराला आधार द्यायला कुणी रातोरात धावलं नाही. सहा महिन्यांनी, ऑगस्ट 2023 मध्ये भाव जरा वर गेला, तर लगेच 40 टक्के निर्यात शुल्क. हे मला आजही सहन होत नाही. पडत्या भावाची सगळी जोखीम शेतकऱ्याची आणि चढत्या भावात वाटा सगळ्यांचा, हा कुठला न्याय?

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बघा. बांगलादेश, आखात, मलेशिया इथले व्यापारी वर्षानुवर्षं आपला कांदा घेतात. दोन-तीनदा माल अचानक थांबला की ते दुसरीकडे सौदे करतात, आणि बंदी उठली म्हणून ते आपोआप परत येत नाहीत.

डाळिंबाकडे बघितलं की मात्र मला धीर येतो. जानेवारी 2025 मध्ये सोलापूर भागातल्या डाळिंबांची पहिली व्यापारी चाचणी-खेप समुद्रमार्गे सिडनीला पोचली, 1,900 पेट्या, 5.7 टन. ती पोचली यामागे कराराइतकंच कीड-रोगांची तपासणी, पॅकहाऊसची नोंदणी, ठरलेली प्रक्रिया, असं चिवट काम होतं. बाहेरच्या मालातून कीड-रोग येऊ नयेत म्हणून असलेले ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम फार कडक आहेत, कधीकधी मला ते अतिरेकी वाटतात. पण ते आधी लिहून दिलेले असतात. तेल्या रोग आणि खोडकिडीतून सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा सावरणारा माणूस कडक नियम पाळू शकतो. रोज बदलणारा नियम कुणीच पाळू शकत नाही.

इथल्या दोन गोष्टी आपल्याकडे याव्यात असं मला मनापासून वाटतं. एक म्हणजे चांगल्या वर्षातला पैसा वाईट वर्षासाठी बाजूला ठेवण्याची सोय. फार्म मॅनेजमेंट डिपॉझिट नावाची योजना इथं 1999 पासून आहे. ठेव ठेवली त्या वर्षी तेवढ्या रकमेवर कर लागत नाही, काढली त्या वर्षी लागतो. आपल्याकडे शेतीउत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळे ती तशीच्या तशी चालणार नाही, पण सरकारने ठेवीत भर घालून असं काही उभं करता येईल. दुसरी म्हणजे साठवण. इथला शेतकरी आपल्या शेतावरच्या सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच बंद कोठीत, हरभरा ठेवून भावाची वाट बघू शकतो. आमच्याकडे घरात पोती ठेवायला जागा नाही आणि लाल कांदा तर टिकतच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची शेतं माती सकट वाहून गेली. अशा वर्षी साठवायला तरी काय उरतं?

म्हणून जिल्ह्याच्या खासदारांकडे माझी मागणी नेमकी आहे. रब्बी हरभऱ्यासाठी सप्टेंबर संपायच्या आत आणि तुरीसाठी मे संपायच्या आत त्या हंगामाचं आयात शुल्क जाहीर करा, आणि माल बाजारात येऊन जाईपर्यंत ते हलवू नका. भाव अमुक पातळीच्या वर गेला तरच शुल्क कमी होईल आणि हमीभावाखाली आला की आपोआप वाढेल, हे आकडे आधीच छापा. कांद्याच्या निर्यातीलाही हाच नियम लावा. शहराला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घेऊन द्यावा. भाऊ म्हणतो, निवडणूक आली की हे सगळं गुंडाळून ठेवतील. त्याचं म्हणणं खरं असेल, म्हणूनच मला हे अधिसूचनेत नको, कायद्यात हवंय.