खुलासा : '१००० मिलिवॅटचा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) लागतोच' या मेसेजबद्दल

कोल्हापुरातल्या गाणंवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : '३०० ओहमच्या हेडफोनला किमान १००० मिलिवॅटचा पोर्टेबल अँप लागतोच. जितके मिलिवॅट जास्त, तितका आवाज भारी.' दोन्ही वाक्यं चूक आहेत.

नुसत्या ओहमवरून, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधावरून, गरज ठरत नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किंवा व्होल्टेजला तो किती मोठा वाजतो, ते बघावं लागतं. हेडफोन १ मिलिवॅटला १०० डेसिबल देत असेल, तर ११० डेसिबलला १० मिलिवॅट पुरतात. दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते, एवढाच हिशोब. आणि ११० म्हणजे कानठळ्याच, रोजचं ऐकणं त्याच्या कितीतरी खाली. ३०० ओहमवर हे १० मिलिवॅट द्यायला सुमारे १.७ व्होल्ट हवेत. अँपच्या खोक्यावरचे '१००० मिलिवॅट' बहुधा ३२ ओहमच्या हेडफोनसाठीचे असतात. तेवढ्याच व्होल्टेजवर ३०० ओहमला जेमतेम १०७ मिळतात. तरी रग्गड झाले! उलट १ मिलिवॅटला ८३ डेसिबलच देणाऱ्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला, ओहम कमी असूनही, तेच ११० गाठायला ५०० मिलिवॅट लागतात.

राजारामपुरीत घ्या नाहीतर ऑनलाइन, सेन्सिटिव्हिटीचा आकडा प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट, ते आधी वाचा. ३२ ओहमला या दोन्हींत १५ डेसिबलचा फरक पडतो.

नाजूक इअरफोनला तगडा अँप लावला, तर मागं सतत सूंऽऽ ऐकू येतं आणि नॉब जरा हलला की आवाज अंगावर येतो. गवई अल्लादियाखाँच्या घराण्याची जुनी रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनी मात्र आधी गाणं पॉज करावं : तरीही सूंऽऽ आवाज राहिला तर तो अँपचा, थांबला तर तबकडीचा.